ज्याच्या गाडीत झोप लागेल

शनिवार, १३ डिसेंबर
दुपारी, ऑफिसातूनच

ती. मामास,
साष्टांग नमस्कार.

'तीर्थरूप' लिहिलं की तू म्हणणार, मी काय एवढा म्हातारा झालो का. पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, त्यामुळे गोड मानून घे. मामीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना चढू नकोस, वरची खोली कुठे पळून जात नाही. माझा खोकला गेला. भूक चांगली लागते.

अक्षर मोठं काढलंय म्हणून हसू नकोस. नवीन पेन घेतलं, त्याचं टोक जाड निघालं, त्याला मी काय करू?

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू दोनदा 'हं' करतोस आणि मामीकडे देऊन मोकळा होतोस. म्हणून हे पत्र. संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतेय, तो तुमच्या कोपऱ्यावर उतरवून देईल.

इकडे सगळा गोंधळ आहे. खाली टायरवाल्याचं हवा भरायचं मशीन दिवसभर धापा टाकतं आणि वर आम्ही. टेबलांवर वजनकाटे, खुर्च्यांवर थंड पेट्या, बसायला जागा म्हणून नाही. सोमवारी सकाळी गाड्या निघायच्या. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर घरोघर जाऊन बाळांची वजनं करायची, बायांचं रक्त तपासायला घ्यायचं. नर्स मुली आत्तापासून पाण्याच्या बाटल्या भरून ठेवतायत. आणि गाड्या-ड्रायव्हर ठरवायचं काम दरवेळेसारखं माझ्या गळ्यात.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे, तुझीच तर आहे. लायसन्स, ब्रेक, स्टेपनी, दोरखंड हे सगळं मी बघतेच. पण शेवटी ड्रायव्हरशेजारी बसते आणि सांगते, कोरड्या नदीतून गाडी घाल, पलीकडचा चढ चढ, वरून फिरवून परत आण. मला झोप लागली तर माणूस पक्का. नाही लागली तर चहा पाजून रवाना. डॉक्टरीणबाईंना आधी वाटलं, ही बाई कामचुकार आहे, फुकट डुलक्या काढते. मग एका फेरीला त्यांनी स्वतः पसंत केलेला एक तरणाबांड गडी गेला आणि थंड पेटीतल्या निम्म्या काचेच्या नळ्या फोडून घेऊन आला. तेव्हापासून त्या काही विचारत नाहीत. उलट मी जांभई दिली की म्हणतात, झालं वाटतं काम.

आता ही गोष्ट बाहेर फुटलीय आणि माझी पंचाईत झालीय. या वेळी एकजण उशी घेऊन आला. खरंच! स्वच्छ अभ्रा घातलेली. दुसऱ्याने पहिल्या वळणापासून अंगाई सुरू केली, ती पण भसाड्या आवाजात. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही गप्प बसलात तर एखादवेळी लागेल." आणि मामा, रागावू नकोस, पण तो 'कंपास' आहे ना, ज्याला तू क्लच जाळणारा म्हणतोस, त्याच्या गाडीत मला झोप लागली. साधीसुधी नाही, शिट्टी वाजेपर्यंत. अंगणात उतरल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं, "मॅडमची शिट्टी वाजली!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाकाची ही शिट्टी पण तुझ्याच गाडीतली. मला अजून आठवतं सगळं. आई लसीची पेटी मांडीवर घेऊन पुढे बसायची, मी मागच्या सीटवर घोंगडीत. खिडकीतून फांद्या मागे जायच्या, मग नुसतं आभाळ, मग काहीच नाही. गाडी कुठे थांबायची, बायका बोलायच्या, एखादं मूल सुई टोचल्यावर ओरडायचं आणि परत सगळं हलू लागायचं. जागी आहे की झोपलेय हे मला कधी कळायचं नाही. फक्त तुझा आवाज यायचा, "वाजली गं शिट्टी ताई, आता बोल निवांत." आणि मग तुम्ही दोघं मोठ्या माणसांचं बोलायचात. आई गेल्यावर मला झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या डॉक्टरांनी, तेव्हासुद्धा मी डोळे मिटून तीच सीट आठवायचे. गोळीपेक्षा ती लवकर लागू पडायची.

तर, गुरुवार.

गुरुवारी तू आलास. कळवलं नाहीस, काही नाही. मी खिडकीतून बघितलं तर खाली ड्रायव्हरांच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून तू उभा, जीप धुऊन लख्ख केलेली. वर आलास, सगळ्यांदेखत मला 'मॅडम' म्हणालास. मला हसू आलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी तू थांबून पायाने चाचपलंस, तेही मी बघितलं. म्हटलं, नवे बूट असतील.

धुकं होतं सकाळी. नदीच्या पात्रात शिरलो तेव्हा पलीकडचा काठ दिसत नव्हता. चाकांखाली वाळू दबत होती तेवढाच आवाज. तू फोर बाय फोर टाकलास, दांड्याचा तोच 'खट्' आवाज, आणि मी सात वर्षांची झाले. तू शीळ घालत होतास. मोठा धोंडा यायच्या आधीच तू डावीकडे घेतलंस, खड्ड्याच्या आधी पाय काढलास. गाडी पाण्यात सोडल्यासारखी चालली होती. मी डोळे मिटले. म्हटलं, आता लागणार.

नाही लागली.

चढावर धुकं विरलं. मी पापण्या किलकिल्या करून बघत होते. ऊन थेट बॉनेटवर आलं, दरीतली घरं दिसायला लागली, त्यांच्या पत्र्यांवरचा धूरसुद्धा. काचेवर दव साचलेलं, ते तू पुसलं नाहीस. वायपर लावला नाहीस. आणि त्या लख्ख उन्हात तू म्हणालास, "धुकं फार आहे गं आज."

मामा, तेव्हा मला कळलं. तू बघून चालवत नव्हतास. आठवून चालवत होतास. त्या वाटेवरचा प्रत्येक धोंडा तुला पाठ आहे, पण पुढच्या वळणावर पाइप टाकायला रस्ता खणून ठेवलाय, तो महिन्याभरातला. दोन पिंपं आणि मध्ये लाल फडकं. मी बघितलं, तू नाही. तुझी शीळ चालूच. मी म्हटलं, "मामा, थांब. मला उतरायचंय." तू ब्रेक मारलास. पुढचं चाक त्या चरापासून हातभर लांब होतं.

मी झुडपामागे जाऊन नुसती उभी राहिले. परत आले आणि लाडीगोडी लावली, "मला चालवू दे ना थोडी, किती वर्षांत दिली नाहीस." वाटलं, तू टोमणा मारशील. तू लगेच उतरलास आणि बॉनेटला हात लावत लावत फिरून शेजारी येऊन बसलास.

आणि दुसऱ्या वळणाला तू झोपलास. मामी म्हणते, तू दुसऱ्याच्या गाडीत आयुष्यात डोळा मिटलेला नाहीस, बसमध्येसुद्धा ड्रायव्हरच्या पायाकडे बघत बसतोस. माझ्या शेजारी मात्र मान टाकून झोपलास. एवढा लहान दिसत होतास. मी पहिल्या गिअरवर गाडी चालवली, आवाज होऊ नये म्हणून हॉर्नसुद्धा दिला नाही, रस्त्यात एक म्हैस आडवी बसली होती तर तिची मनधरणी करत बसले. वाटत होतं, ही वाट संपूच नये, ऑफिस यायलाच नको. मला कुणाला काही सांगायलाच नको.

पण ऑफिस आलं. कोपऱ्याअलीकडे मी तुला उठवलं, आपण जागा बदलल्या आणि अंगणात तू गाडी आणलीस. सगळे ड्रायव्हर जमा झाले. 'कंपास'ने विचारलं, "वाजली का शिट्टी?" मी डोळे चोळत मान हलवली. त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, मामा.

तेव्हापासून मी लिहायचं टाळतेय. आत्ताही मामीचा गुडघा, उशीवाला, म्हैस असं सगळं लिहून झालं आणि मुद्दा तिथेच राहिला. तर लिहून टाकते. मी झोपले नव्हते. सोंग घेतलं होतं. तुला सोमवारी मी गाडी देऊ शकत नाही. मागे पोरी बसणार, त्यांच्या मांडीवर पेट्या. पलीकडे कुठे काय खणलंय हे मला माहीत नाही आणि तुला दिसणार नाही. पेनचं टोकही जाड नाही, मामा. साधंच पेन आहे. मी मुद्दाम मोठं लिहिलं, तुला स्वतःला वाचता यावं म्हणून. मामीला वाचायला सांगायची वेळ तुझ्यावर येऊ नये असं वाटलं.

तू माझ्याशी बोलायचं सोडशील, याची मला फार भीती वाटते. आईनंतर माझं हक्काचं माणूस तू एकटाच आहेस. पण काही झालं तर मी तोंड कुणाला दाखवू? त्यापेक्षा तू रागावलेला परवडशील. लांब बसून, पण धडधाकट.

जीप मात्र मला हवी. तिच्यासारखी दुसरी नाही. 'कंपास' चालवेल. हो, तोच, क्लच जाळणारा! तू त्याला एकदा नीट समजावून सांग, तुझं ऐकेल तो. आणि तू पण ये. मागच्या सीटवर. घोंगडी मी आणते. पहिल्या मुक्कामाला डोळ्यांच्या डॉक्टर येणार आहेत, त्यांना नुसतं दाखव. तपासून काय म्हणतात ते तरी कळेल. दाखवणार नाही म्हणालास तरी ये.

उत्तर नाही आलं तर मी समजून जाईन. सोमवारी सकाळपर्यंत तुझ्या नावापुढची जागा मोकळी ठेवतेय.

तुझ्या मागच्या सीटवर वाढलेली,
झोपाळू


रविवार, १४ डिसेंबर

चि. झोपाळूबाईस,
अनेक आशीर्वाद.

हे बोलतायत, मी लिहितेय. गुडघा तसाच आहे. पत्र मीच वाचून दाखवलं. तुझं मोठं अक्षर वाया गेलं बाई, आता तेवढंही दिसत नाही. मी कधीची सांगतेय डोळे दाखवा, पण माझं ऐकतंय कोण? आता यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते. मध्ये बोलू नकोस म्हणतायत.

झोपाळे,

तू मोठी नाटकी आहेस. झोपल्याचं सोंग घेतलं म्हणे! मला नदीतच कळलं होतं. तुझी शिट्टी कुठे वाजली? मी इतकी वर्षं ती ऐकत गाडी चालवलीय, आता डोळ्यांचं काही खरं नाही पण कान शाबूत आहेत. शिट्टी नाही म्हणजे पोरगी जागी आहे. जागी आहे म्हणजे बघतेय. म्हणून तर मी चढावर गाडी घातली. तू झोपली असतीस तर पलीकडच्या काठालाच थांबवून, डिझेल संपलं म्हणून सांगितलं असतं. तू थांब म्हणालीस, मी थांबलो. का म्हणून विचारलं का?

नोकरी मिळणार नाही हे मला घरून निघतानाच माहीत होतं. एकदा त्या वाटेने जायचं होतं. आणि तुझ्या तोंडून 'नाही' ऐकायचं होतं, परक्याच्या नको. तू मान हलवलीस आणि माझी पंचाईत केलीस. त्या टाळ्या माझ्या अंगाला टोचत होत्या, पण तुझी फजिती नको म्हणून गप्प बसलो.

किल्ली पाकिटात घातलीय. 'कंपास'ला सांग, दुसरा गिअर टाकताना हिला जरा थांबू द्यायचं, ओढाताण करायची नाही. उतारावर न्यूट्रल केलंस तर कान उपटीन म्हणावं, मी मागेच बसलेलो असेन. घोंगडी आणू नकोस, आपली आहे घरात, तुझ्या आईने शिवलेली कड अजून शाबूत आहे. डोळ्यांचं तिथे गेल्यावर बघू.

आणि एक. वळणावर तू गाडी लवकर वळवतेस, अर्धा श्वास थांबत जा. बाकी हात चांगला आहे. तू सोंग केलं असशील. मी मात्र त्या दिवशी खरंच झोपलो होतो.

तुझा मामा