कायमचा पत्ता

अमरावती
ता. २ डिसेंबर १९६३

चि. गं. भा. प्रमोदिनी हीस,

सासूचे आशीर्वाद. इथं सगळं ठीक. पाकिटावरही गं. भा. लिहिलं आहे, म्हणजे अकोल्याच्या दवाखान्यातल्या तुझ्या मैत्रिणींच्या हाती पडलं तर त्यांनाही कळेल. तिथं तुला सिस्टर म्हणतात म्हणे. इथं तू माझ्या गोपाळकृष्णाची बायको होतीस अन् आता त्याची विधवा आहेस, तिसरं काही नाही.

थंडी यंदा लवकर पडली. समोरच्या ललिताला मुलगी झाली, तिसरी. बारशाच्या घुगऱ्यांत मीठच नव्हतं. अचलपूरच्या मावशींनी संत्री पाठवली, निम्मी आंबट. माझा डावा डोळा मात्र पार गेला, मोतीबिंदू पिकला आहे. एकाच डोळ्यानं लिहिते, ओळी वर-खाली झाल्या तर चालवून घे.

तुझं पत्र मिळालं. अमरावतीचा पोलीस रिपोर्ट वाईट गेला म्हणून पासपोर्ट अडला, इंग्लंडातल्या दवाखान्यातली जागा जानेवारीअखेरपर्यंतच थांबेल, घरी कोणी चौकशीला आलं होतं का, असं विचारतेस. आलं होतं बाई. दिवाळी झाल्यावर.

साध्या कपड्यातला माणूस, डोक्याला काळी टोपी, काखेत पिशवी. आधी ललिताकडे गेला, मग आपल्या ओट्यावर आला. प्रमोदिनीबाई इथल्याच का, स्वभाव कसा, वागणं कसं, उठबस कोणाशी, असं मोठ्या अदबीनं विचारू लागला. आता तूच सांग, आपल्याकडे असे प्रश्न घेऊन कोण येतं? मुलगी बघणारे. मी समजले, अकोल्याच्या कुठल्यातरी बिजवरानं माणूस पाठवला. सुनेचा पाट लागतो अन् सासूला खबर नाही. काहून राहील खबर? तू पासपोर्टाचं एका शब्दानं कळवलं नव्हतंस. अर्जात पत्ता मात्र आमचा लिहिलास, कायमचा म्हणून.

मी त्याला चहा दिला, वर दिवाळीचा लाडू दिला, अन् सोयरीक मोडावी म्हणून चांगली भांजी मारली. सांगितलं, पोरगी एकटी राहते, रात्री-अपरात्री बाहेर असते. खोटं काय त्यात, रात्रपाळी असतेच ना तुला? मग म्हटलं, नवऱ्याला शेवटचं औषध हिनंच पाजलं, अन् उजाडायच्या आत तो गेला. हेही खोटं नाही. विषमज्वरानं तो आधीच हातचा गेला होता, औषध डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, डोकं माझ्याच मांडीवर होतं, अन् दे म्हणून मीच म्हटलं होतं. पण ते त्यानं विचारलं नाही.

सगळं ऐकून त्यानं पिशवीतून कागद काढला, तेव्हा कळलं की तो ठाण्याचा जमादार आहे, नत्थुजी नावाचा. त्याचंच तोंड उतरलं होतं. म्हणाला, "बाई, हे लग्नाचं नाई, पासपोर्टाचं होय. तुमी रागात बोलल्या असान. आज मी काई लिहीत नाई. उद्या येतो, तवरिक इचार करा."

म्हणजे बघ, चूक झाली होती ती तिथंच मिटली असती. पोलीस असून माणूस भला.

मी विचार केला. मला राग आला होता, पोरी, अजून आहे. माझा मुलगा तिशीही न पाहता गेला, अन् तू समुद्रापलीकडे जाऊन पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हसत फिरणार. इथं त्याचं नाव घेणारं कोण उरतं? मी. माझ्यामागे कोणी नाही. सगळं माझंच जावं अन् तुझं काहीच जाऊ नये, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी नत्थुजी आला. मी म्हटलं, काल बोलले ते तसंच्या तसं लिही. त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. जाताना पायरीवर थांबला.

"पोरीचा जनम गेला ना, बाई."

"माझा पोरगा गेला तेव्हा तुमच्यापैकी कोण आलं होतं चौकशीला?"

त्यानं चपला घातल्या अन् गेला.

काही वावगा जबाब दिला असेल तर तो बदलून द्या, पाया पडते, असंही तू लिहितेस. मी बापूसाहेब वकिलांना विचारलं. ते म्हणाले, अनसूयाबाई, तुम्ही स्वतः ठाण्यात जाऊन रागाच्या भरात बोलले असं लिहून दिलंत तर काम अजूनही होईल. तेव्हा होईल, बरं का. माझ्या एका सहीचं काम आहे. पण या डोळ्यानं मी ठाण्यापर्यंत जाऊ कशी?

डोळ्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलं आहे. पट्टी बांधून उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही. उशाशी जाणतं माणूस हवं म्हणतात. परकी बाई मला नको. तू सुटी काढून ये अन् होळीपर्यंत राहा. पट्टी निघाली की मी आपल्या पायानं ठाण्यात जाईन, गोपाळकृष्णाची शपथ. तोवर जानेवारी संपलेला असेल, त्याला माझा इलाज नाही.

डोळ्यात रोज औषधाचे थेंब घालावे लागतात. ते मी दुसऱ्या कोणाच्या हातून घालून घेणार नाही. तुझा हात हलका आहे, हाताला गुण आहे, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? गोपाळकृष्णही शेवटपर्यंत हेच म्हणत होता, औषध प्रमोदिनीच देईल.

बडनेऱ्याला उतरलीस की टांगा कर. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझ्या कायमच्या पत्त्यावरून,
तुझी सासू
अनसूया