मामांच्या पायाची नवी लाइन

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥
सॉल्ट लेक, कोलकाता
६ जानेवारी २०२५

चि. वैदेहीस प्रेमलतामामीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोन असताना पत्र का, असं म्हणशील. फोन लावला की तुझे मामा स्पीकर सुरू करायला लावतात, आणि मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच. म्हणून दुधाच्या वहीची कोरी पानं काढून लिहिते आहे.

मामांच्या डाव्या पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे, हे तुला माहीत आहेच. चालताना पोटरी धरते. बाजाराच्या वाटेवर आता चार थांबे झाले: पाण्याची टाकी, औषधाचं दुकान, मिठाईवाला आणि क्लबाचा कट्टा. त्यातला तिसरा पायासाठी की तिथल्या संदेश मिठाईसाठी, ते गजाननच जाणे. पण महिन्यापूर्वी अंगठ्याला जखम झाली ती भरतच नाही. डॉक्टर म्हणाले, याच महिन्यात फुगा घालून वाहिनी उघडू आणि स्टेंट बसवू. उशीर केला तर आधी अंगठा जाईल, मग पाऊलही वाचेल याची खात्री नाही.

आणि मामा म्हणतात, थांबू या. याला कारण तू. दिवाळीत आलीस आणि फराळ करता करता सांगितलंस, की तुमच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या जातीच्या कसल्याशा पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे कण करायचे, त्यांत जनुक भरायचं, ते रक्तवाहिनीच्या पेशींत पोचवायचं, की नव्या वाहिन्या फुटू शकतात. तीस वर्षं गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत बसून मालगाड्या हलवलेल्या माणसाला आणखी काय हवं? कण म्हणजे वॅगन, जनुक म्हणजे माल, पेशी म्हणजे स्टेशन. जुनी लाइन तुंबली तर काय झालं, भाची नवी टाकते आहे, असं ते दूधवाल्यालाही हिंदीतून समजावतात. तो बिचारा मान हलवतो आणि दूध नासायच्या आत तापवा म्हणून मला खुणावतो.

तेव्हा एक विचारते, रागावू नकोस. तुमच्या त्या औषधात घरच्या माणसांसाठी काही कोटा असतो का? रेल्वेत असतो, म्हणून विचारलं. असेल तर महिना संपायच्या आत कळव. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं बोलले आहे. अकरा झाली, उरलेली तुझं उत्तर आल्यावर.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझी मामी

*

पुणे
१३ जानेवारी २०२५

ती. सौ. मामीस वैदेहीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कोटा नाही गं मामी, अजून गाडीच नाही.

आमचं सगळं काम काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर चालतं. माल नीट उतरला की पेशी हिरवी चमकते. गेल्या आठवड्यात शंभरातल्या नऊ चमकल्या, तर आम्ही सगळ्यांना सामोसे वाटले. बाकीच्या एक्याण्णवांपैकी बहुतेकींत वॅगन स्टेशनात शिरते, पण आतल्या एका पिशवीत कोंडली जाते आणि मालासकट जिरून जाते. बांधणी सैल केली तर माल वाटेतच सांडतो. कणांवरचा विद्युतभार वाढवला तर पेशीच मरतात. हे सुटलं की उंदीर, मग ससे, आणि माणसं त्यानंतर कित्येक वर्षांनी. मामांच्या अंगठ्याकडे एवढा वेळ नाही.

चूक माझी आहे. कौतुकाच्या भरात चमकलेल्या पेशी सांगितल्या, न चमकलेल्या सांगायच्या राहिल्या.

मामांना तू काही बोलू नकोस. तू बोललीस की ते हटकून उलट बोलतात. सोबत त्यांच्यासाठी एक पत्र आणि एक कागद आहे. दोन्ही आणि एक चालणारं पेन त्यांच्या हाताशी ठेव. आणि आवर्तनं अडवून धरू नकोस, गजाननाने तुझं काय घोडं मारलंय?

माझ्यावर राग न धरता लोभ ठेव.

वैदेही

*

पुणे
१३ जानेवारी २०२५

ती. मामांस वैदेहीचा शि. सा. न. वि. वि.

मी चौथीत होते. सुटीत कोलकात्याला आले होते तेव्हा हावड्याच्या पुढे तुम्ही मला एक नवी लाइन दाखवायला नेलंत. मालगाड्या धावत होत्या. मला गार्डाच्या डब्यात बसायचं होतं. मी रुळांशेजारी बसकण मारून रडले, तरी तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणालात, “तपासणीचा कागद येईपर्यंत या रुळांवरून फक्त माल जाईल. माझ्या घरचं माणूस तर मुळीच नाही.”

मामा, आता माझ्या लाइनीचा कागद सोबत पाठवते आहे. त्यावर लिहिलंय, की शंभर वॅगनांपैकी नऊंचा माल उतरला, आणि तरीही ही लाइन प्रवाशांसाठी सुरक्षित आहे असं मी प्रमाणित करतो. पहिल्या प्रवाशाच्या जागी तुमचं नाव घातलं आहे. तपासणी अधिकारीही तुम्हीच. सही करून पाठवलीत तर मी इस्पितळाचं नाव पुन्हा काढणार नाही. सही होत नसेल, तर मामीबरोबर डॉक्टरांकडे जा.

उत्तराची वाट पाहते. आशीर्वादात काटछाट नसावी.

तुमची वैदेही

*

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥
सॉल्ट लेक, कोलकाता
२ मार्च २०२५

चि. वैदेहीस मामीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. ऑपरेशन झालं ते फोनवर कळलंच. पण त्याआधीचं त्यांच्यासमोर सांगता येत नव्हतं.

तुझा कागद त्यांनी दोनदा वाचला. पेनाचं टोपण काढलं. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी पेन हातातच. मी देवापाशी बसून आवर्तनं करत होते, पण लक्ष सगळं मागे. पंधराव्याला टोपण लावल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, की इस्पितळाची फाइल कुठे ठेवली आहेस. मी उठले नाही, बोटानेच कपाट दाखवलं.

टेबलावर झोपल्या झोपल्या त्यांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, की या स्टेंटची तपासणी झाली आहे ना. डॉक्टर शांत स्वभावाचे. त्यांनी खोका डोळ्यांसमोर धरला आणि वाचून घ्या म्हणाले. यांनी खरंच वाचला.

जखम आता खपली धरून बसली आहे. काल ते बाजारात जाऊन आले. टाकी, औषधाचं दुकान, क्लब, तिन्ही थांबे रद्द. मिठाईवाल्याचा कायम आहे. विचारलं तर म्हणतात, तिथे क्रॉसिंग असतं.

तुझा कागद ते परत पाठवत आहेत. सहीची जागा कोरी आहे. मागे काहीतरी लिहिलंय, मला दाखवलं नाही. पाकीट मीच चिकटवणार, तेव्हा मी वाचलं. तूही वाच, आणि आम्हा दोघांवर अशीच हक्क गाजवत राहा.

तुझी मामी

(कागदाच्या मागे)

सही नाकारली. कारण: शंभरात नऊ.
उरलेल्या एक्याण्णवांचा माल उतरला की कळवावे. तपासणीला मी स्वतः येईन. पुणे स्टेशनपासून चालत.

जयप्रकाशमामा