मुसळीचं दूध

बाबा, आज काकांकडे सफेद मुसळीचं दूध झालं. थंडीतला रविवार, ओटीवर तोच मोठा टोप आणि भोवती घरातले सगळे पुरुष. तुम्ही होतात तेव्हा टोप स्वतः ढवळायचात. एरवी पाण्याचा पेलाही हाताने घ्यायचा नाहीत, पण त्या दिवशी आईला जवळ फिरकू द्यायचा नाहीत. मला मिसरूड फुटत होतं, वासाने तोंड वाकडं केलं, तर केवढे भडकलात! "आपल्या घरात पुरुषाला डॉक्टर लागत नाही, तो याच्यामुळे." डोळे मिटून गिळलं. तुमचं वाक्यही पोटात गेलं ते गेलंच.

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. हिच्या तपासण्या झाल्या, हिच्यात काहीच दोष नाही. मी मात्र सुकत चाललोय. ऑफिसात दुपारीच गळून जातो, दाढी विरळ झालीय, बाकीचं तुम्हाला काय लिहू. जिमवाल्याने पावडरीचे डबे दिले, "नॅचरल है भाई, टेस्टोस्टेरॉन बढेगा." वर्षभर खाल्ले. मग म्हणाला, इंजेक्शन मार. ही भांडली नाही. "मला सुया टोचायचे तेव्हा तू बाहेर बसायचास. आता मी बसते," म्हणाली आणि हार्मोनच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, तेही दोनदा. टेस्टोस्टेरॉन फारच कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, "डबे बंद. त्यात काय घातलंय कोण जाणे. आणि ते इंजेक्शन घेतलं असतंत तर अंगात जोर आला असता, पण शुक्राणू बनणंच थांबलं असतं. मूल हवंय ना? मग उपचार वेगळे, सुयाही वेगळ्या." त्यांनी विचारलं, "वडिलांना असं काही होतं?" मी म्हणालो, "छे, शक्यच नाही!"

जेसल पार्कच्या आपल्या फ्लॅटमध्ये आई वाल सोलत बसली होती. तिला हे सांगितलं तर हसायला लागली. "न्हाय कसा? मिठाच्या कामाला जातो सांगून तुझा बापूस दादरला सुया घ्यायला जायचा. संगतीला मीच असायची. तवा कुठं तू झालास."

"मग ते दूध?"

"ते भावांना दाखवायला."

राग आला बाबा, भयंकर राग आला. एक शब्द बोलला असतात तर हिची सहा वर्षं वाचली असती. मग वाटलं, त्या टोपापुढे तुम्ही किती घाबरून उभे राहात असाल.

उद्या डॉक्टरांना सांगणार आहे, हो, वडिलांनाही होतं. उपचार सुरू करायचेत. हे पत्र मात्र कुठे टाकायचं नाही, घडी करून ठेवतो. एकच सांगायचं राहिलं. आज काकांनी पेला पुढे केला, "पी रे, यंदा पोरगं होईल." काकांचा मुलगा, त्यालाही लग्नानंतर मूल नाही, माझ्याकडेच बघत होता. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. मी पेला रिकामा केला आणि म्हणालो, "फक्कड झालंय."