पेरभर पाणी

३ मार्च, सोमवार

भात पुन्हा टणक! एक माप तांदूळ, एक माप पाणी— कुकरच्या पुस्तकात लिहिलंय तस्सं. पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, वीतभर बांध इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि आता हा विजेचा डबा मला वाकुल्या दाखवतोय.

लेकीने पाठवला. “बाबा, फक्त बटण दाबायचं!” बटणं चौदा आहेत.

सकाळी नऊला तांदूळ-पाणी घालतो, झाकण लावतो, वेळ लावून ठेवतो आणि दूध-भाजीला बाहेर पडतो. साडेदहाला कुकर आपला आपण सुरू होतो. एवढंच काय ते त्याचं कौतुक.

हिने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. “अहो, तांदूळ जुना आहे. बोट बुडवून बघा, पेरभर पाणी वर हवं.” म्हटलं, बोट म्हणजे माप नव्हे! तुझं बोट वेगळं, माझं वेगळं.

४ मार्च

आज लांब दाण्याचा. तोही टणक. हिने शीत चिमटीत दाबून दाखवलं. नुसतं दाखवलं. जास्त झोंबलं.

५ मार्च, बुधवार

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. ही दीड महिन्यापूर्वी स्वयंपाकघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणतात चाला. पण ही जमिनीला पाय टेकवायला तयार नाही! न्हाणीघरात जायचं तरी मी चाकाच्या खुर्चीतून नेतो. चार पायांचा वॉकर पलंगाशी उभा आहे, त्यावर ही टॉवेल वाळत घालते.

“काकू, दोनच पावलं.”

“उद्या बघू.”

बाई जाताना दारात हळूच म्हणाल्या, “काका, अजून पंधरा दिवस असेच गेले, तर सांधा आखडेल. मग माझ्याही हातात काही नाही.”

त्यांच्या पाठीमागे मी चिडलो. बोलू नये ते बोललो— “जन्मभर अशीच पडून राहणार आहेस का?” ही म्हणाली, “पुन्हा पडले तर?” आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मला रागापेक्षा भीतीच जास्त वाटत होती, ती सांगता आली नाही.

६ मार्च

जमला! हातसडीचा तांदूळ, सगळ्यांत हट्टी, पण शीत न् शीत मऊ. माप पुस्तकातलंच, थेंबभरही जास्त नाही. हिने दुसऱ्यांदा मागून घेतला! “बरी चव यायला लागली तुमच्या हाताला.” लेकीला फोन करून सांगितलं.

७ मार्च, शुक्रवार

लाल तांदूळ. पुस्तकापेक्षा पाव माप पाणी जास्त घातलं, म्हटलं अजून मऊ होईल. चिखल! कुकरखाली ओट्यावर पाणी, जमिनीवरही पाणी. हा डबा गळतो की काय?

८ मार्च

काल जास्त झालं म्हणून आज पाव माप कमी घातलं. भात तरीही मऊ! अरे, पाणी कमी केलं ना मी? वहीत तक्ता केलाय— तांदूळ, माप, वेळ, निकाल. कशाचा कशाला मेळ नाही. पस्तीस वर्षांत असा तक्ता साहेबांपुढे ठेवला असता तर घरी बसवलं असतं.

ही तक्ता बघून हसायला लागली. भात बिघडतोय माझा आणि हिला हसू!

९ मार्च, रविवार

पाय मुरगळला, बाहेर गेलो नाही. कुकरसमोर खुर्ची टाकून बसलो. भात टणक. ही दिवसभर कुरकुरत होती— “बायकांसारखे काय घरात बसलाय? जा, फिरून या जरा.”

११ मार्च

कुकर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने उलटापालटा केला, झाकणाचं रबर ताणून बघितलं. “काका, ठणठणीत आहे. गळत वगैरे काही नाही. मध्ये कुणी झाकण उघडतं का?”

कोण उघडणार? घरात आम्ही दोघंच, आणि ही तर पलंगावर! नाचता येईना अंगण वाकडं, म्हणे मध्ये कुणी उघडतं का. चहा देऊन वाटेला लावला.

आतून हिला खोकल्याची उबळ आली. पाणी नेऊन दिलं.

१२ मार्च, बुधवार

बाई आल्या. हिचं तेच, “उद्या बघू.” बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता चपला घातल्या. जेवताना मी अर्धं ताट तसंच ठेवून उठलो. भात मात्र उत्तम झाला होता. चिकट तांदूळ.

१३ मार्च

तक्ता पुन्हा वाचला. सहा तारखेपासून मी बाहेर गेलो की भात मऊ. घरी बसलो की टणक. हे काय गौडबंगाल? मला ओळखतो की काय हा डबा!

उद्या पाण्याच्या पातळीवर भांड्याच्या आत पेन्सिलीने रेघ मारणार. आणि साडेदहाच्या आत परत येऊन बघणार. मोजणी म्हणजे मोजणी.

१४ मार्च, शुक्रवार

सव्वादहाला परत आलो. कुकर अजून सुरू व्हायचा होता. झाकण उघडलं. पाणी रेघेच्या वर, बरोबर पेरभर.

नळापाशी थोडं पाणी सांडलेलं. त्यातून निघालेले वॉकरच्या रबरी पायांचे चार गोल ओले ठसे. पुढे पुन्हा चार. पुन्हा चार. दारापर्यंत पुसट होत गेलेले. आत ही डोळे गच्च मिटून पडलेली. धाप लागलेली. टॉवेल खुर्चीवर.

फडकं घेतलं, ओणवा झालो आणि ठसे पुसले. पुसताना पावलं मोजली, नऊ भरली. डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून पुन्हा एकदा मोजली.

उद्या अर्धं माप पाणी कमी घालणार. आणि भाजीला लांबच्या बाजारात जाणार.