भोंग्याच्या पोटातलं गुपित

४ मार्च

झालं! मॅडमनी अख्ख्या लॅबसमोर जाहीर केलं — कोणता पल्स कुणाचा, हे फक्त भोंग्याला माहीत असणार. भोंग्याला! लॅबमधल्या ज्या पोराच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याला!

पद्धत तशी चांगलीच आहे म्हणा. सापळ्यात धरलेला एकच अणू, त्याला पल्स, म्हणजे लेसरचा क्षणभराचा झोत, देऊन एका स्थितीतून दुसरीत उलटवायचा. एक पल्स मॅडमचा, त्यांच्या स्वतःच्या पीएच.डी.मधला — आजवर सगळी लॅब तोच वापरते. दुसरा माझा. भोंगा त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणणार, आणि मी कुणाचा कोणता ते न कळता चुका, म्हणजे अणू किती वेळा नीट उलटला नाही ते, मोजणार. म्हणजे मन आपल्याच बाजूला झुकायला नको. माझा हरला तर माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण बुडालं, आणखी एक वर्ष इथेच मुक्काम.

७ मार्च

भोंगा जेवताना भिंतीकडे तोंड करून बसला. म्हटलं, “अरे, मी काय खाते का तुला?” तर डबा उचलून जिन्यात पळाला!

८ मार्च

आईचा फोन. “उलटला का गं तुझा तो अणू?” रोज उलटतो म्हटलं. “मग घोडं अडलंय कुठे?” आता हिला काय सांगू, कपाळ!

१३ मार्च

मोजून झालं. ‘ब’ कितीतरी पुढे — ‘अ’च्या निम्म्यासुद्धा चुका नाहीत! आकडे भोंग्यापुढे धरले आणि त्याचा चेहरा बघितला. एरंडेल प्यायल्यासारखा. संपलं. म्हणजे ‘ब’ मॅडमचा.

बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले. मग भूक लागली, दोन सँडविच खाल्ली.

१४ मार्च

‘ब’ माझा!! माझा, माझा, माझा! मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, भोंगा जमिनीकडे बघत पुटपुटला, आणि मी अशी उडी मारली की कॉफी सांडली. आईला फोन केला. “म्हणजे सुटलीस एकदाची?” सुटले!

मग भोंग्याला गाठलं. गाढवा, काल सुतकी चेहरा कशाला केला होतास?

“अगं, मॅडमचा हरला ना... त्यांच्यासमोर कसं सांगायचं, हेच कळेना.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाज वाटली जरा.

१५ मार्च

सकाळी मशीन चालू केलं. चालू केल्याबरोबर आपोआप मॅडमचा पल्स लागतो. आज माझा लागला. त्यांचा कुठे गेला म्हणून शोधला — त्यांनी स्वतःच तो ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकलाय.