ध्वजाला कापड बांधल्यावर

९ ऑगस्ट
आज ध्वज उचलला. नुसती काठी, कापड नाही, पण उचलला. ढोल-ताशा पथकात येऊन महिना झाला, आजवर हातात झांजच. सराव वारज्याला, पुलाखाली. ध्वजप्रमुख वृंदाताई म्हणाली, "फिजिक्स शिकवतेस ना? मग पडायचं कारण नाही." टोमणाच तो. गणपतीच्या आगमनाला मिरवणुकीच्या तोंडाशी नाचतो तो पुढचा ध्वज मला हवाय. हवाच आहे.

१२ ऑगस्ट
काठी दंडाच्या जोरावर फिरत नाही! थांबलेली हलायला तयार नसते, निघाली की थांबायला तयार नसते. जडत्व. अकरावीला इतकी वर्षं फळ्यावर लिहितेय, मनगटाला आज कळलं. ओढायची नाही, तिच्यामागे जायचं. गुडघे सैल, पाय फाकवून, गुरुत्वमध्य दोन पावलांच्या आत. सलग फिरवली. हसू आवरेना.
सासूबाई: "सिलिंडर सरकवताना कंबर धरतेस, तिथे बरा बांबू नाचवतेस."

१७ ऑगस्ट
वाद्यपूजन झालं. आमच्यात कापड पूजेनंतरच बांधतात. भगवं, जरीच्या काठाचं. नियम एकच, ध्वज जमिनीला टेकला की त्या वर्षी हातात ध्वज नाही.
ऐटीत उचलला. पहिल्याच फेरीत कापड फुगलं आणि काठी मलाच घेऊन निघाली. टोक खाली येताना वृं.ताईने कवेत धरलं. "टेकला नाही," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग माझ्या कानाशी, "पुढच्या ध्वजाचं नंतर बघू."
घरी येईपर्यंत स्कूटरवर रडले. हेल्मेट होतं म्हणून बरं.

१८ ऑगस्ट
वर्गात गणित घालताना सवयीने म्हणाले, "हवेचा अवरोध नगण्य मानू." आणि खडू तिथेच थांबला. अगं बाई. आठवडाभर नुसत्या काठीचा हिशेब करत बसले होते. पोरं विचारतायत, "मॅम, काय झालं?" काय सांगणार, कपाळ.
वेग दुप्पट केला की अवरोध चौपट. म्हणजे फेरी सावकाश, आणि कापडाची कड वाऱ्याकडे. करून बघायलाच हवं, आत्ताच्या आत्ता...

२३ ऑगस्ट
गच्चीवर बांबूला सासूबाईंची जुनी नऊवारी बांधून सराव. त्यांनीच काढून दिली. "फाटली तर फाटली, तू पडू नकोस." खालून शेजारच्या काकू, "लुगडी अशी वाळवतात होय आता?"
जमतंय. वारा आला तरी जमतंय! वारा कापडात शिरण्याआधी खांद्याला कळतो. इतकी खूश मी बी.एस्सी.च्या निकालालाही नव्हते.

२६ ऑगस्ट
उद्या आगमन. शेवटचा सराव. वृं.ताईने माझ्या फेऱ्या पाहिल्या, चेहरा कोराच. मग म्हणाली, "सकाळी वारा पडलेला असला तर पुढचा ध्वज तुझा. वारा असला तर मी घेईन."
मी म्हणाले, "ताई, उलटं करा."
तोंडातून निघून गेलं. "सकाळी चौकात ठरवू," ती एवढंच बोलली.
संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर आले. दोरीवर सगळे फडफडतायत, चिमटेसुद्धा निसटतायत. असाच राहू दे वारा.