आत्याचा ओठ

२ नोव्हेंबर, रविवार
काल नामपल्ली स्टेशनच्या पार्किंगमध्ये मंदारने मला किस केलं. ऑफिसातला मंदार, सात महिन्यांची ओळख. चुलतभावाच्या लग्नासाठी पंधरा दिवस पुण्याला गेलाय. प्रामाणिकपणे लिहायचं तर आधी मीच केलं. चार सेकंद. आनंद झाला. मग किसमधून काय काय होऊ शकतं ते मोबाईलवर वाचत घरी आले. एचआयव्ही लाळेतून होत नाही. सिफिलिस क्वचित. हर्पिस सहज होतो, समोरच्याला फोड दिसत नसला तरी. मी शांत आहे. यापुढे एक ओळही वाचणार नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४
अजून अकरा लेख वाचले.

५ नोव्हेंबर, बुधवार
अश्विनीवहिनीला मुलगी झाली. घरात सगळे हसतायत. आजोबा, म्हणजे आबासाहेब, म्हणाले, सोळाला बारसं, आत्या एकच आहे, तेव्हा निशे, तयारीला लाग.
बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. कानाला तोंड लावून. आणि एवढ्या लहान बाळाला हर्पिस झाला तर जिवावर बेतू शकतं. हे घरात मला एकटीलाच माहीत आहे. सांगायचं तर आधी पार्किंग सांगावं लागेल.
संकल्प : आजपासून माझं ताट, पेला, टॉवेल वेगळा. कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सगळ्यांच्या लक्षात आलं. सहा माणसं, दोन खोल्या, एक बेसिन. आईने विचारलं, बाळासाठी व्रत धरलंस का गं? मी 'नाही' म्हटलं नाही. म्हणजे खोटं बोलले असं होत नाही.
संध्याकाळपर्यंत आमच्या नल्लकुंट्यातल्या तीन गल्ल्यांत बातमी. आबासाहेबांचे डोळे भरून आले. हल्लीच्या मुलीत एवढं सोवळं, म्हणाले. युवराजदादा म्हणाला, हौ, साध्वीबाई, मग बाळाचे लंगोटही सोवळ्यात धुवा.
व्रतात चहा चालत नाही असं आईने ठरवलंय. डोकं दुखतंय.

८ नोव्हेंबर, शनिवार
आरोप करण्याआधी माहिती घ्यावी. मंदारला ऑनलाइन फॉर्म पाठवला. तेरा प्रश्न, भाषा नम्र. एकाही प्रश्नाला 'होय' दाबलं की फॉर्म थेट शेवटच्या पानावर जातो : 'धन्यवाद. हे नातं पुढे नेता येणार नाही.' सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चार वर्षं काढली ती उगाच नाही.
त्याने तेराही प्रश्नांना 'नाही' भरलं. पाचव्यालाही : ओठावर पूर्वी कधी फोड आला होता का? मग मेसेज केला, पण मी तुला आवडतो ना? हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.

१० नोव्हेंबर, सोमवार
ओठावर फोड. खाली, डावीकडे. म्हणजे मंदार खोटं बोलला. वाईट वाटलं, पण अंदाज बरोबर निघाल्याचं समाधानही आहे. घरात मास्क लावला. व्रतातलाच भाग समजतायत.

११ नोव्हेंबर, मंगळवार
मंदारने फोटो पाठवला. त्याच्या ओठावर चार फोड. ताप आहे, गिळता येत नाही, लग्नाच्या प्रत्येक फोटोत दिसणार. आयुष्यात पहिल्यांदाच झालंय, हे काय असेल गं?
आता आणखी काय पुरावा हवा. ब्लॉक केलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बारसं चुकवायला रविवारी ऑफिसात काम काढायचं ठरवलं होतं. मॅनेजर म्हणाले, रविवारी बिल्डिंगला कुलूप असतं.
दुसरा प्लॅन : बेगम बाजारातून पाळण्याच्या झालरीची गुंडाळी आणली, तिच्या आतली पुठ्ठ्याची नळी मी ठेवून घेतली. नळीतून नाव सांगायचं. बाथरूममध्ये सराव केला. दादाने दार ठोकून विचारलं, कैकू भोंगा वाजवतीस?

१५ नोव्हेंबर, शनिवार
आईने मास्क ओढला. फोड बघून तडक डॉक्टरकडे नेलं. मी म्हटलं, तू बाहेर बस. म्हणाली, बाहेर पंखा नाही.
डॉक्टरबाई म्हणाल्या, हर्पिस. मी डोळे मिटले. आई म्हणाली, हा होय? हा हिला चौथ्या वर्षापासून. दर परीक्षेला यायचा, दहावीला तर दोन आले होते. हिच्या आजोबांना आहे ना, ते सारखे हिचे पापे घ्यायचे.
मी त्याला परीक्षेचा फोड म्हणायचे. त्याला दुसरं नाव असेल असं कधी वाटलंच नाही.
बाई म्हणाल्या, तो अंगातून जात नाही, घाबरलं, जागरण झालं की वर येतो. फोड नसतानाही दुसऱ्याला लागू शकतो. आणि ज्याला पहिल्यांदा होतो त्याला जास्त त्रास, ताप वगैरे. मग आईसमोरच मला विचारलं, अम्मा, इतक्यात कुणाचा मुका घेतला होतास?
मी म्हटलं, बाळाचा नाही. हे खरं होतं.
खपली पडून जाईपर्यंत बाळाला तोंड लावायचं नाही. आबासाहेबांना फोड आला तर त्यांनीही नाही. मास्क लावून लांबून नाव सांग, म्हणाल्या. म्हणजे नळी वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होती.
परत येताना बर्कतपुऱ्याच्या सिग्नलला थांबलो. आईने विचारलं, मुलगा ऑफिसातला का?
मी म्हटलं, सिग्नल सुटला.

१६ नोव्हेंबर, रविवार
बारसं झालं. मास्क, नळी, दोन हात अंतर. नाव रेवती. तिने एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा झोपली. अकरा बायकांनी पाठीत बुक्के घातले, व्रताचं कौतुक केलं. आईने एकच घातला. सगळ्यांत जोरात.
संध्याकाळी मंदारला अनब्लॉक केलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. मग सुचलं, माझाच फॉर्म स्वतः भरावा आणि त्याचा फोटो त्याला पाठवावा, म्हणजे सगळं आपोआप सांगून होईल. पहिल्या चार प्रश्नांना 'नाही'. पाचव्याला 'होय' दाबलं.
पुढचे आठ प्रश्न आलेच नाहीत.
'धन्यवाद. हे नातं पुढे नेता येणार नाही.'
फॉर्ममध्ये काही चूक नाही. दोनदा तपासला.